कोण कुणाचा माणूस?

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडच्या एका रेडिओला मी फोन लावला. तिसरी पाळी करून सकाळी सुटलो होतो. अंगावर कापूस, कानात अजून रिंग फ्रेमचा आवाज. मोबाइलवर रेडिओ चालू होता. कार्यक्रम होता 'पुढे काय शिकावे'. एक प्राध्यापक पाहुणे आले होते. शिका, नेट-सेट द्या, प्राध्यापक व्हा, समाज घडवा, असं सांगत होते. शेवटी म्हणाले, विचारा प्रश्न.

मी विचारला. म्हणालो, "सर, माझा चुलतभाऊ सेट पास हाय. पाच वर्षं तासिकेवर शिकवतोय. कायम जागा निघती ती कुणाच्या हातात असती, एवढंच सांगा."

पलीकडं थोडं शांत झालं. मग निवेदिका गोड आवाजात म्हणाली, "दादा, आपण या कार्यक्रमात राजकीय विषय घेत नाही हं." आणि गाणं लागलं.

गाणं चांगलं होतं. पण माझं लक्ष लागलं नाही. माझा प्रश्न राजकीय कसा झाला? मी कुठल्या पक्षाचं नाव घेतलं नव्हतं. जागा कशी भरतात एवढंच विचारलं होतं. म्हणजे जागा भरणं हे प्रशासन, आणि ती कशी भरली हे विचारणं हे राजकारण? दोस्तांनो, हा लेख त्या एका प्रश्नाचा आहे. पुस्तकी तत्त्वज्ञान मला येत नाही. पाळी सुटल्यावर जे वाचलं आणि पाळीवर जे भोगलं त्याच्या जोरावर लिहितो.

आधी त्या पोरीची बाजू. दोष तिचा नाही, म्हणून केंद्राचं नाव लिहीत नाही. सरकारचा नियमच तसा आहे. २००६ मध्ये सामाजिक संस्थांना समुदाय रेडिओ काढायला परवानगी मिळाली, पण बातम्या आणि राजकीय मजकूर स्वतःचा म्हणून द्यायचा नाही ही अट घालून. खाजगी एफएमलाही बातम्या द्यायच्या तर आकाशवाणीच्या, आहेत तशा. इकडं सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये निकाल दिलाय की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. म्हणजे लहरी तुमच्या-माझ्या आणि त्यावर बोलायची मुभा दुसऱ्याच्या हातात. विहीर गावाची, पण पोहरा पाटलाचा. आपल्याला हा न्याय नवा नाही.

माणदेशातल्या म्हसवडला २००८ पासून माणदेशी तरंग वाहिनी चालते. जत तालुक्यात जालिहाळला येरळा वाणी आहे. पाऊस, पीक, बाळंतपण, बचतगट, गाणी. बाया स्वतःच्या तोंडाने बोलतात. ही मोठी गोष्ट आहे. पण शेळीचा रोग सांगता येतो आणि कॉलेजातल्या नेमणुकीचा रोग सांगता येत नाही, याला काय म्हणायचं?

बंदी राजकारणाला आहे असं म्हणावं, तर रेडिओत राजकारण कधी नव्हतं? आणीबाणीत, १९७६ मध्ये, किशोर कुमारची गाणी आकाशवाणीवरून गायब झाली, कारण तो सत्ताधाऱ्यांच्या कार्यक्रमाला गायला नाही. आकाशवाणीला स्वायत्त करणारा प्रसार भारती कायदा १९९० मध्ये झाला आणि लागू व्हायला १९९७ उजाडलं. सात वर्षं कायदा दाराबाहेर उभा. रेडिओवरचं राजकारण कधी बंद नव्हतं. बंद होता तो ऐकणाऱ्याचा प्रश्न.

आता नेमणुकीकडं येऊ. वरून सुरू करू.

आपल्या सातारा-सांगलीची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात. ते १९६२ चं. सातारच्या तीन महाविद्यालयांचं मिळून २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ वेगळं झालं. राज्याच्या विद्यापीठांचे कुलपती राज्यपाल असतात. शोध समिती नावं देते, राज्यपाल त्यातून कुलगुरू नेमतात. डिसेंबर २०२१ मध्ये महाविकास आघाडी सरकारने विधेयक मंजूर करून घेतलं, की समितीने पाच नावं सरकारला द्यायची, सरकारने त्यातली दोन राज्यपालांना द्यायची, आणि त्या दोनातून एक. शिवाय उच्च शिक्षणमंत्री प्र-कुलपती. एक बाजू म्हणाली, विद्यापीठात राजकारण घुसवताय. दुसरी म्हणाली, राज्यपाल दिल्लीचा माणूस, राजकारण तर आधीच घुसलंय. २०२२ मध्ये सरकार बदललं आणि नव्या सरकारने ते विधेयक मागं घेतलं. केरळ, तामिळनाडू, बंगाल, सगळीकडं हेच भांडण झालं. जिथं राज्यात एक पक्ष आणि दिल्लीत दुसरा, तिथं कुलगुरूच्या खुर्चीची रस्सीखेच.

दोन्ही बाजू एकमेकांबद्दल खरं बोलत होत्या. पण भांडण होतं सही कुणाची यावर. निवड झालेल्याला का निवडलं आणि बाकीच्यांना का टाकलं, हे लोकांना सांगा, असं म्हणणारा त्या गलक्यात मला दिसला नाही.

तुम्ही म्हणाल, गिरणीतल्या पोराला कुलगुरूशी काय देणंघेणं? देणंघेणं आहे. अनुदानित कॉलेजात प्राध्यापकाची मुलाखत घ्यायला बसतात तेव्हा अध्यक्षपद संस्थेकडं असतं, पण कुलगुरूने पाठवलेले लोक तिथं बसतात, सरकारचाही माणूस बसतो. पगार सरकारी तिजोरीतून, म्हणजे माझ्या आईने घेतलेल्या काडेपेटीच्या करातूनसुद्धा. वरची खुर्ची ज्याच्या मेहरबानीची, त्याची सावली खालच्या टेबलापर्यंत पडते. त्या टेबलापुढं माझा चुलतभाऊ तीनदा बसून आला. कुठल्या कॉलेजात ते लिहीत नाही. एकदा बाहेर आल्यावर एकाने त्याला हळूच विचारलं, "तू कुणाचा?" त्याने बापाचं नाव सांगितलं. तो माणूस हसला.

आमच्या गिरणीत बदली कामगार असतो. रोज दाराशी यायचं, कायमवाला आला नाही तर काम, आला तर घरी. तासिकेवरचा प्राध्यापक हा विद्येच्या गिरणीतला बदली कामगार. जेवढे तास तेवढे पैसे, सुट्टीत काही नाही. आणि बदलीवाल्याला जसं मुकादमाशी वाकडं घेता येत नाही, तसं तासिकेवाल्याला संस्थेशी. जो स्वतः वाकून उभा आहे तो वर्गात पोरांना ताठ उभं राहायला कसा शिकवणार? नुकसान एका माझ्या भावाचं नाही. त्याच्यापुढं बसलेल्या साठ पोरांचं आहे.

इथवर लिहून मी थांबलो होतो. दोन रात्री पुढं लिहवेना. कारण मग मला माझं लिहावं लागणार होतं.

मी गिरणीत लागलो तो चिठ्ठीवर. चुलत्याने एका पुढाऱ्याच्या पॅनेलचं काम केलं होतं. पुढाऱ्याने चिठ्ठी दिली, 'आपला माणूस आहे, पाहावे.' पाहिलं. माझ्याबरोबर दाराशी उभा असलेला एक पोरगा, वस्तीतलाच, साच्यावर माझ्यापेक्षा हात चांगला असलेला, परत गेला. त्याला चिठ्ठी नव्हती. तेव्हापासून निवडणूक आली की स्लिपा वाटायला मी जातो. गेल्या वर्षी सात बदलीवाल्यांना काढलं तेव्हा मी गप्प बसलो. आमचे तात्या, ज्यांचं आयुष्य रिंग खात्यात गेलं, ते म्हणाले, "आरं, रेडिओला काय इचारतोयस? आपण दोघं तरी कुठनं आलोय?"

तात्यांचं म्हणणं असं, की चिठ्ठीने लागलेल्याला चिठ्ठीविरुद्ध बोलायचा अधिकार नाही. हे मी पुष्कळ दिवस खरं मानलं. आता मानत नाही. भुकेने घेतलेली चिठ्ठी आणि सत्तेने वाटलेली चिठ्ठी यांचं पाप एका तराजूत बसत नाही. पण म्हणून माझं शून्यही होत नाही. परत गेलेल्या पोराचं माझ्यावर देणं आहे, आणि ते फेडायचा एकच रस्ता मला दिसतो, की तोंड उघडायचं आणि सुरुवात स्वतःपासून करायची.

आता आपल्या लोकांशी. आपल्यातही म्हणतात, "आपला माणूस खुर्चीवर बसला पाहिजे." ही भूक मी समजतो. हजारो वर्षं खुर्चीवर त्यांचाच माणूस होता आणि त्याला ते गुणवत्ता म्हणत होते. आजही आरक्षणाच्या जागेसमोर 'योग्य उमेदवार मिळाला नाही' असं लिहून ती रिकामी ठेवतात. पण वरचे लोक आरक्षण आणि वशिला यांना एका माळेत ओवतात, आणि आपलेही काही पुढारी ओवतात. तेव्हा फरक स्पष्ट सांगायला पाहिजे. आरक्षण कायद्यात लिहिलेलं असतं. बिंदुनामावलीत कुठला बिंदू कुणाचा, हे कुणालाही मोजता येतं. ती भिंतीवर लावता येते. चिठ्ठी भिंतीवर लावता येत नाही. आरक्षणाने लागलेला कुणाचा मिंधा नसतो, तो हक्काने आलेला असतो. चिठ्ठीने लागलेला जन्मभर कुणाचा तरी असतो.

बाबासाहेबांनी स्वतः कॉलेजं काढली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ काढलं तेव्हा प्राचार्य आणले संस्कृतचे पंडित अश्वत्थामाचार्य गजेंद्रगडकर. औरंगाबादच्या मिलिंदमध्ये प्राचार्य होते म. भि. चिटणीस. दोघेही आपल्या जातीचे नव्हते. याचा अर्थ बाबासाहेबांना आरक्षण नको होतं असा कुणी काढेल तर तो लबाड. घटनेत ते आणणारे तेच. अर्थ एवढाच, की आपली पोरं कुणाच्या हाताखाली शिकावीत हे ठरवताना त्यांनी माणूस कुणाचा हे बघितलं नाही, पोरांना काय मिळेल हे बघितलं. आणि ज्याला नेमलं त्याचं नाव उघड्यावर सांगायला त्यांना कधी लाज वाटायचं कारण नव्हतं.

भाऊराव पाटलांनी सत्ताधाऱ्यांवर टीका केली म्हणून १९४८ च्या सुमारास मुंबई सरकारने रयत शिक्षण संस्थेचं अनुदान रोखलं होतं. आमचे व्हा नाहीतर उपाशी मरा, हा सत्तेचा धंदा तेव्हापासूनचा. साताऱ्यातच ७ नोव्हेंबर १९०० ला एका पोराचं नाव सरकारी शाळेच्या रजिस्टरात चढलं. त्या दिवशी कुणी विचारलं असतं, "तू कुणाचा?" तर रामजीचा, एवढंच उत्तर होतं. तेवढं उत्तर पुरलं पाहिजे. त्याच पोराने मोठेपणी, ३ ऑक्टोबर १९५४ ला, आकाशवाणीवरून सांगितलं की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही माझी जीवनदृष्टी, आणि ती मी बुद्धाकडून घेतली. हे राजकीय नव्हतं? होतंच. रेडिओवरून सांगून झालं, आणि रेडिओ काही बंद पडला नाही.

तेव्हा माझ्या प्रश्नाचं उत्तर मी असं काढलंय. जी नेमणूक कारणासकट रेडिओवर वाचून दाखवता येते ती न्यायाची. जी ऐकवायची वेळ आली की गाणं लावावं लागतं ती चोरीची, मग सही राज्यपालाची असो, मंत्र्याची असो, की आपल्या एखाद्या भाऊसाहेबाची. ही कसोटी मला लावली तर मी नापास होतो. माझी नेमणूक वाचून दाखवता येत नाही. म्हणून इथं लिहून दाखवली.

हा अंक गिरणीत जाईल. कुणीतरी तो योग्य टेबलावर नेऊन ठेवील, तेही मला माहीत आहे. तात्या म्हणाले, "नाव तरी बदल." नाही बदललं.

पुढच्या आठवड्यात तो कार्यक्रम पुन्हा आहे. मी फोन लावणार आहे. गाणं लागलं तर पुन्हा लावीन. तुम्हीही लावा. सातारहून एक, सांगलीहून एक, कराडहून, विट्याहून, जतहून. पक्षाचं नाव घेऊ नका, शिवी देऊ नका. एवढंच विचारा : जागा निघाली होती, माणूस कसा निवडला?

जय भीम.