मक्याला चुना

भाची एका सत्रासाठी मेक्सिकोला चालली आहे. बारामतीत ती शेतीची पदवी घेते, आणि त्यातले सहा महिने आता तिकडच्या एका शेतकी विद्यापीठात काढायचे आहेत. भावाचं घर इंदापूर तालुक्यात, निमगाव केतकीजवळ. गेल्या रविवारी मी गेले तेव्हा ती पडवीत बसून मोबाईलवर स्पॅनिश शब्द घोकत होती, आणि शेजारी माझी आई पानाला चुना लावत होती. निमगावला पानमळे आहेत, त्यामुळे आमच्या घरात पानाचा डबा कधी रिकामा नसतो.

"बाल्दे," भाची म्हणाली.

"बादली," आई म्हणाली.

भाचीनं चमकून वर पाहिलं. बरोबर होतं. मग आजी-नातीचा खेळच सुरू झाला. बिसाग्रा म्हणजे बिजागरी. पागार म्हणजे पैसे चुकते करणं, म्हणजे आपला पगार. ताबाकोचा अर्थ तर सांगावाच लागला नाही. असे कितीतरी शब्द पोर्तुगिजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्याला लागले, आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण.

"आगं, ही तर आपल्यातलीच मान्सं दिसत्यात," आई म्हणाली. नात एवढ्या लांब जाणार म्हणून महिनाभर गप्प गप्प असलेली ती, पहिल्यांदाच मोकळी हसली.

घरासमोर मका उभा होता, मुरघासाचा. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात गोठे वाढले तसा हा मकाही वाढला. दाणा चिकात आला की कापायचा, कुट्टी करायची आणि हवा राहू न देता दाबून भरायची. या मक्याचं माहेर मेक्सिको. तेओसिंते नावाच्या एका रानगवताला टणक कवचाचे मोजके दाणे लागायचे. त्यातून सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तिथल्या माणसांनी निवडून निवडून हे कणीस घडवलं. मिरची, टोमॅटो, पेरू हीसुद्धा त्याच खंडाकडची मंडळी. आपल्या बांधावर ती इतकी रुळली की पाहुणी म्हणून आली होती हेच विसरायला झालं.

भाचीला मी पांडुरंग खानखोजे यांची गोष्ट सांगितली. वर्ध्यात जन्मलेला हा माणूस. देश सोडून अमेरिकेत गेला, इंग्रजांविरुद्धच्या गदर चळवळीच्या उभारणीत होता, शेतीशास्त्र शिकला. इंग्रज सरकार मायदेशी पाऊल ठेवू देईना, तेव्हा १९२४ मध्ये तो मेक्सिकोत पोचला. चाळिशीत परक्या भाषेची बाराखडी गिरवली, आणि चापिंगोच्या राष्ट्रीय शेतकी विद्यालयात त्याच भाषेत शिकवू लागला. गरीब शेतकऱ्यांसाठी खुल्या शेतकी शाळा काढल्या. १९३६ मध्ये त्यांनी मक्याच्या एका प्रकारावर पुस्तिका लिहिली. त्या मक्याचं नाव 'माइस ग्रानादा', म्हणजे डाळिंब-मका. डाळिंबाच्या तालुक्यातल्या मुलीला हे नाव फार आवडलं, तिनं ते वहीत लिहून घेतलं. स्वातंत्र्यानंतर खानखोजे परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले. २०२२ मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला.

माझं मन मात्र एका प्रश्नाशी अडून राहिलं आहे. ज्यांच्या पूर्वजांनी मका घडवला, त्यांना वर्ध्याचा माणूस मका कसा शिकवू शकला? मला वाटतं, त्यानं आधी त्यांच्याकडून तो शिकून घेतला असणार. चाळिशीतला विद्वान जेव्हा शेतकऱ्यापुढे अडखळत, चुकत बोलतो, तेव्हा त्याला ऐकण्यावाचून गत्यंतर नसतं. आणि ऐकणाऱ्या माणसाला लोक सांगतात.

असं ऐकून न घेतल्याची किंमत याच मक्यानं जगाला मोजायला लावली. मेक्सिकोत मका नुसता दळत नाहीत. रात्री चुन्याच्या पाण्यात उकळून तसाच भिजत ठेवतात, सकाळी धुऊन घेतात. साल सुटते, दाणा फुगतो. मग तो दगडावर वाटून त्याची भाकरी थापतात, तिला तोर्तिया म्हणतात. या मक्याला तिथे निश्तामाल म्हणतात, आणि त्या शब्दातच राख लपलेली आहे, कारण चुन्याची जागा कधी राखही घ्यायची. स्पेनचे लोक समुद्र ओलांडून मक्याचं बी घेऊन गेले. चुना मागे राहिला. तो चुलीपाशी होता, बायकांच्या हातात होता, आणि बी नेणाऱ्यांना तिथे बसून विचारावंसं वाटलं नाही.

युरोपात मका गरिबाचं रोजचं अन्न झाला आणि एक नवा आजार आला. ऊन लागेल तिथली कातडी लाल होऊन सोलवटायची, पोट बिघडायचं, शेवटी भ्रम व्हायचा आणि माणूस जायचा. स्पेनमधल्या आस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल या वैद्यानं १७३५ मध्ये त्याचं वर्णन केलं. रोग्यांच्या मानेभोवती हार घातल्यासारखा चट्टा उठायचा, त्याला आजही कासालचा हार म्हणतात. पुढे या आजाराला पेलाग्रा हे नाव पडलं. तो नायसिन या जीवनसत्त्वाच्या उणिवेनं होतो हे कळायला १९३७ साल उजाडलं. मक्यात नायसिन असतं, पण बांधलेलं. पोटाला ते मिळत नाही. चुना ते मोकळं करतो. दोनशे वर्षं वैद्य ज्याचा शोध घेत राहिले, त्यावरचा उपाय मेक्सिकोतल्या घराघरात रोज रात्री चुलीवर शिजत होता. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ बसून होते. इतकी माणसं गेली, ती कुणी न विचारल्यामुळे.

म्हणून भाचीला म्हटलं, प्रयोगशाळा बघच, वाण बघ, ठिबक बघ. पण एखाद्या आजीच्या स्वयंपाकघरातही जाऊन बस. तुझं स्पॅनिश मोडकं आहे याची लाज धरू नकोस. मोडक्या भाषेत प्रश्न विचारणाऱ्या पोरीला कुणीही पाट देतं.

आई इतका वेळ ऐकत होती. हातातलं पान तसंच राहिलं होतं. चुन्याची डबी उघडून तिनं आत पाहिलं, बोटाला लागलेला चुना निरखला.

"मक्याला चुना," ती स्वतःशीच म्हणाली. मग नातीकडे वळली. "पायलीला किती घालत्यात गं?"

भाचीनं मोबाईल चाळला, मग बाजूला ठेवला. "आज्जी, मला नाही माहीत."

"मग इचारून ये," आई म्हणाली. "आन् नुस्तं इचारू नगं. त्यांच्यासंगं एकदा घालून बघ."