मोजदाद कोणासाठी?

दावीद राजाने इस्राएलाची शिरगणती केली आणि देशावर मरी आली (२ शमुवेल २४). लहानपणी मला प्रश्न पडे, माणसे मोजण्यात एवढे पाप ते काय? शंभरातले एक मेंढरू हरवले हे मोजल्यावाचून मेंढपाळाला तरी कसे कळले असते? पण दाविदाला तरवार धरणारे हात किती ते पाहायचे होते, मेंढपाळाला कोण परतले नाही ते.

गुंजीकडचे रान पाहताना हा प्रश्न पुन्हा आठवतो. २०१६ साली बेळगाव जिल्ह्यातून गोव्याच्या सत्तरी तालुक्यात काजूच्या कामाला गेलेले मजूर माकडतापाने आजारी पडले. हा रोग १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात प्रथम आढळला व पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्याचा विषाणू ओळखला. बाधित गोचीड चावल्यावर तीन ते आठ दिवसांत एकाएकी ताप भरतो, डोके ठणकते, अंग मोडून येते. शंभरांत तीन ते पाच दगावतात. काजू वेचायचे ते झाडाखालच्या पाल्यातून, आणि गोचीडही पाल्यातच. दंश गोव्यात झाला, ताप घरी आल्यावर चढला, तर तो रोगी कोणत्या सरकारचा?

रानात माकड मेले की तपासणी होते. व्हायलाच हवी, कारण ती आगाऊ सूचना असते. पण फणफणलेला मजूर दोन गोळ्या घेऊन पडून राहतो. "कोठे कामाला होतास?" हा प्रश्न त्याला फौजदाराच्या तोंडचा वाटतो. खरे सांगितले तर पुढल्या हंगामात मालक बोलावील का? शेजारी पाणी देतील का? (हा ताप माणसापासून माणसाला होत नाही, हे शेजाऱ्यांना कोणी सांगावे?)

रोग आवरायचा तर माहिती घेतलीच पाहिजे, मजुराची मर्जी असो वा नसो, असे कोणी म्हणेल. मला हे निम्मेच पटते. ज्याने दंडातून रक्त दिले, त्याला त्याचा निकाल त्याच्या भाषेत कळला पाहिजे, आजारपणातल्या रोजीचा विचार झाला पाहिजे, आणि पुढल्या वेळी बागेत शिरण्याआधी अंगाला लावायचे औषध हाती मिळाले पाहिजे. एवढे न देता घेतलेली नोंद ही दाविदाचीच शिरगणती.

बंधुभगिनींनो, आपल्या मंडळीतूनही काजूच्या दिवसांत कोणी ना कोणी बाहेर जाते. कोण गेले, कोठे गेले, हे पाळकांना ठाऊक असते. ते परत आल्यानंतरच्या रविवारी त्यांची जागा रिकामी दिसली, तर उपासना आटोपल्यावर त्यांच्या दारी कोण जाते?