मनाचें रक्षण आणि मताचें स्वातंत्र्य

मिल्लनें आपल्या ‘ऑन लिबर्टी’ या १८५९ सालच्या निबंधांत धान्याच्या व्यापाऱ्याचें उदाहरण दिलें आहे. व्यापारी गरिबांस उपाशी मारतात, असें मत कोणीं छापलें तर त्यास अडवूं नये. पण तेंच मत व्यापाऱ्याच्या दारापुढें जमलेल्या खवळलेल्या जमावास ऐकविलें तर तें दंडास पात्र होतें. हा भाग वर्षानुवर्षें शिकवितांना मला त्यांत कांहीं उणें वाटलें नव्हतें. अलीकडे वाटूं लागलें आहे.

२० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यास डॉ. नरेंद्र दाभोलकर सकाळीं फिरावयास गेले असतां त्यांचा गोळ्या घालून खून झाला. १० मे २०२४ रोजीं विशेष न्यायालयानें दोघां मारेकऱ्यांस जन्मठेप दिली. त्यांतला एक आमच्याच शहरांतला, दुकानांत नोकरी करणारा तरुण. तिघे पुराव्याअभावीं सुटले. आणि खरे सूत्रधार दुसरेच कोणी असून तपासयंत्रणा त्यांच्यापर्यंत पोंचल्या नाहींत, असें न्यायाधीशांनीं नमूद केलें. येथें मिल्लचा जमाव कोठें आहे? तो एकट्या तरुणाच्या मनांत, हळूहळू, कोणास न दिसतां जमविला जातो.

हा दोष कोण्या एका धर्माचा नव्हे. २०१४ च्या मे महिन्यांत कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंबरोबर इराकला गेले व ‘इस्लामिक स्टेट’च्या गोटांत शिरले. तीं शिकलेल्या घरांतलीं मुलें होतीं. आपण मोठ्या कामासाठीं निवडले गेलों, ही भूक पदवीनें भागत नाहीं. उलट कधीं कधीं वाढते.

तर मग अशा मुलांचें रक्षण सरकारनेंच करावें काय? येथें माझें मन कचरतें. दाभोलकरांचीं मतेंही पुष्कळांस जहाल वाटत. त्यांपासून मुलांस ‘वांचविण्यास’ उत्सुक माणसें कमी नव्हतीं. म्हणून मताची तिखटाई ही कसोटी नव्हे. जें मत घरच्यांपासून लपविण्यास सांगतें, दुसऱ्याचें ऐकूं देत नाहीं, त्यापासून सावध राहावें, असें मी म्हणेन. पण १९०९ सालीं नाशिकास जॅक्सनवर गोळी झाडणारा अनंत कान्हेरे याच शहरांत शिकत होता, त्यानेंही बेत लपविलाच होता, आणि त्यास आपण हुतात्मा म्हणतों. परक्या सत्तेखालीं उघडें दारच नव्हतें, हें उत्तर मी स्वतःस देतों. तें पुरतें कीं नाहीं, याचा निर्णय माझ्यानें अजून झालेला नाहीं.

राज्याच्या दहशतवादविरोधी पथकानें कांहीं तरुणांस अटक न करितां घरचीं माणसें व मौलवी यांच्या साहाय्यानें समजावून परत आणिलें, हें मला अधिक पटतें. पण पोलिसांच्या आधीं मुलगा कोणाला तरी दिसलेला असतो.

गेल्या वर्षीं प्रत्येक तासास वाद घालणारा माझा एक विद्यार्थी एकाएकीं गप्प झाला. मला तो प्रौढपणा वाटला, आणि खरें सांगावयाचें तर वर्ग शांत झाल्याचें बरेंही वाटलें. पुढें कोणाच्या पंगतीला तो बसतो हें कळल्यावर मीं त्याच्या वडिलांस कळविलें नाहीं, पोलिसांसही नाहीं. हें योग्य केलें कीं नाहीं, ठाऊक नाहीं. त्यास घरीं जेवावयास बोलाविलें. दोन खेपांस तो मान खालीं घालून जेवून गेला. तिसऱ्या खेपेस त्यानें मिल्लच्या धान्य-व्यापाऱ्यावर आक्षेप घेतला, आणि पानें तशींच राहून आम्ही रात्रीं अकरापर्यंत भांडलों.