दंडावरचा व्रण

लोधिवलीच्या बाजूला, पाताळगंगेच्या काठी सावली बघून बसा. एकीकडे रसायनीचे कारखाने, दुसरीकडे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचे ट्रक. आवाज थांबायची वाट पाहू नका. तो थांबत नाही.

आता उजवा हात डाव्या दंडावर ठेवा. बहुतेकांच्या बोटांना एक लहानसा खळगा लागेल. बीसीजीचा व्रण. जन्मल्याबरोबर तिथे 0.05 मिलिलिटर लस टोचली होती, आणि तिच्यात क्षयाच्या जंतूच्या कुळातला, दुबळा केलेला पण जिवंत जंतू होता. काही आठवड्यांनी तिथे गाठ आली, पिकली, फुटली, खपली धरली. ‘टोचलेलं पिकलंय, हात लावू नका,’ असं घरात कोणीतरी म्हणालं असेल. तुम्हाला यातलं काहीच आठवत नाही. तुमची मान अजून धरत नव्हती, तेव्हा तुमच्या रक्ताने एका जिवंत जंतूला दंडातच रोखून धरलं.

बोट तिथेच राहू द्या.

काही बाळांच्या अंगात हे काम करणाऱ्या टी पेशी तयारच होत नाहीत. डॉक्टर या आजाराला स्किड म्हणतात. बाळ दिसायला छान, गुटगुटीत. पण तोच थेंब त्याच्या दंडातून काखेत, यकृतात, हाडांत पसरू शकतो. कोट्यवधींना उपयोगी पडणारी लस या एका बाळाला सोसत नाही, आणि टोचणाऱ्या सिस्टरला ते ओळखता येण्यासारखं काहीही बाहेरून दिसत नाही.

हात खाली आणा, बेंबीवर. नाळ बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांत गळते. घरातल्या म्हाताऱ्या बायका ती रोज बघतात, ते उगाच नाही. महिना होत आला तरी नाळ गळली नाही, बेंबी लाल झाली, तर एक शंका घ्यावी लागते. नाळ सुकून तुटण्यासाठी पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बाहेर यावं लागतं. चिकटण्यासाठी लागणारं एक प्रथिन घडलंच नसेल, तर त्या आतल्या आत वाहत राहतात. रक्ताच्या तपासणीत पांढऱ्या पेशी भरमसाट, आणि जखमेत पू नाही. पुवाची आपल्याला किळस येते. ज्या आईच्या बाळाची जखम पू न होता नुसतीच चरत जाते, तिला विचारा.

हे आजार ओळखण्याचं एक मोठं ठिकाण मुंबईत परळला, केईएम रुग्णालयाच्या आवारात आहे: राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था. 1957 साली ती रक्तगटांच्या कामासाठी सुरू झाली. त्याआधी, 1952 मध्ये, डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच शहरात ‘बॉम्बे रक्तगट’ शोधला होता. पुढे 1992 मध्ये परदेशात दोन मुलं आढळली. त्यांच्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीशी थांबत नव्हत्या, आणि दोघांचा रक्तगट बॉम्बे होता. एका साखरेची ने-आण बिघडल्यामुळे दोन्ही गोष्टी एकदम झाल्या होत्या. (एरवी बॉम्बे रक्तगटाची माणसं ठणठणीत असतात, हे वाचून कोणी घाबरू नये.)

इथे जरा जास्त वेळ थांबू. कारण घरात पहिला प्रश्न येतो तो उपचाराचा नसतो. हे कोणाकडून आलं, असा असतो. आणि बोट बहुतेक वेळा सुनेकडे वळतं.

यातल्या अनेक आजारांत आई आणि बाप दोघांकडे जनुकाची एकेक बिघडलेली प्रत असते, दुसरी चांगली असते, म्हणून दोघंही निरोगी. प्रत्येक गरोदरपणात दोन्ही बिघडलेल्या प्रती बाळाकडे जाण्याची शक्यता चारात एक. नवरा-बायको मामे-आते भावंडं असतील तर एकच दोष दोघांकडे असण्याचा संभव वाढतो. काही आजार एक्स गुणसूत्रावरून आईकडून मुलाकडे जातात. पण तिलाही ते न मागता मिळालेलं असतं. तुमच्या-माझ्या पेशींतही असे काही दोष आहेत, आपल्याला कधी कळले नाहीत इतकंच. ज्या नावावर तुम्ही मनात बोट ठेवलं असेल, तिथून ते उचलून बघा. किती जड जातंय?

आता तोच आकडा दुसऱ्या बाजूने बघा. यातल्या अनेक आजारांवर प्रत्यारोपणाचा उपाय आहे, आणि त्यासाठी रक्त घडवणाऱ्या मूळपेशी देणारं सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यताही चारात एकच आहे. आजार ज्या वाटपातून आला, औषधही त्याच वाटपातून येतं.

समोरच्या नदीकडे पाहा. घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी टाटांच्या नळांतून खोपोलीच्या वीजघरात उतरतं आणि पाताळगंगेला मिळतं; 1915 पासून हे चाललंय. पात्र इथलं, पाणी वरचं. प्रत्यारोपणात असंच होतं. आधी, बहुतेकदा, जालीम औषधांनी बाळाची जुनी अस्थिमज्जा रिकामी करतात. मग भावंडाच्या कमरेच्या हाडातून काढलेल्या पेशी साध्या रक्ताच्या पिशवीसारख्या शिरेतून देतात. त्या आपल्या आपण हाडांत जाऊन बसतात. रुजल्या तर काही आठवड्यांत नव्या पेशी दिसू लागतात, आणि पुढे बाळाचा रक्तगटही भावंडाचा होतो. कधी नव्या पेशी त्याच शरीरावर उलटतात. 1968 मध्ये अमेरिकेत स्किडच्या एका बाळाला बहिणीची मज्जा दिली, तेव्हापासून हा उपाय माणसाच्या हातात आहे. आपल्याकडे 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणात यातल्या काही आजारांचं नाव आहे आणि मदतीची मर्यादा 2022 मध्ये 50 लाख झाली. वेळेत निदान होणं मात्र अजून नशिबावर आहे.

एक गोष्ट नव्या रक्तानेही बदलत नाही. मुलगा बरा होतो, शाळेत जातो, तालुक्याला नोकरी धरतो. पण त्याच्या बीजात जनुक जुनंच राहतं. आजार आई-बाप दोघांकडून आलेला असेल आणि त्याला मूल झालं, तर त्या मुलाला एक बिघडलेली प्रत जाईलच. जोडीदाराकडे तोच दोष नसेल तर बहुतेकदा त्या मुलाचं काही बिघडत नाही. हे कळायला एक रक्ततपासणी पुरते. पण त्याआधी, स्थळ सांगून येईल तेव्हा, ही गोष्ट मुलीकडच्यांना कोण सांगेल: तो स्वतः, की ज्या आईला एकदा बोल लागला होता ती?