मेलबर्नला निघण्याआधी फोन तपास

नाशिक

ती. ताईस,


भाचीच्या बाळंतपणासाठी तू मेलबर्नला निघालीस, फार आनंद झाला. सामान भरण्याआधी एक काम मात्र उरक. तुझा फोन तिथे चालेल का, ते तपासून घे.

गंगापूर रोडला तो नीट लागतो, यावर विसंबू नकोस. फोनवर फोरजीचं इंटरनेट आलं, तरी बोलणं फोरजीवरून होतंच असं नाही. त्यासाठी व्होल्टीची सोय लागते. ती नसेल, तर कॉल येताच फोन जुन्या नेटवर्कवर उतरतो. एअरटेलने 2020 मध्ये थ्रीजी बंद केलं, पण टूजी ठेवलं, म्हणून आपल्याकडे असे फोन अजून चालतात. ऑस्ट्रेलियात टूजी आधीच गेलं होतं. 28 ऑक्टोबर 2024 पासून टेल्स्ट्रा आणि ऑप्टस यांनी थ्रीजीही बंद करायला घेतलं.

मला खरी काळजी वेगळीच आहे. काही फोन एरवी फोरजीवरून बोलतात, पण तातडीचा नंबर फिरवला की थ्रीजीच शोधतात. आपल्या 112 सारखा तिथला नंबर 000. जावई कामावर, घरी तुम्ही दोघीच आणि भाचीला कळा सुरू झाल्या, तर तोच नंबर लागायला हवा. असे फोन असतात म्हणूनच, ज्या फोनवरून 000 लागत नाही, त्याला सेवा द्यायची नाही, असा नियम तिथे झाला. बाहेरच्या देशात घेतलेले बरेच फोन त्यात अडकले.

आधी फोनचं सॉफ्टवेअर अपडेट कर. मग कुणाशी तरी बोलताना वरची खूण बघ. फोरजी जाऊन टूजी किंवा 'ई' दिसू लागलं, तर तो फोन तिथे बहुधा उपयोगाचा नाही. फोरजी टिकून राहिलं, तरी तेवढ्यावर थांबू नकोस. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलंस की आयएमईआय नंबर येईल. तो आणि सेटिंगमधला मॉडेल नंबर भाचीला पाठव. ज्या कंपनीचं सिम घेणार, तिलाच तिने विचारावं. 000 मात्र उगाच लावून बघू नकोस.

नवा घ्यायची वेळ आलीच, तर स्वस्त पडतो म्हणून एम. जी. रोडवरून उचलू नकोस. एकाच नावाचा फोन देशोदेशी वेगळा असू शकतो. मेलबर्नमध्येच घे, पैसे मी देतो. नाशिकचं सिम बंद करू नकोस, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. निघण्याआधी त्यावर रोमिंग सुरू करून घे.

तुझा भाऊ