नियम पाळणारा निर्दोष असतो काय?

आपल्या पूर्वजांनी समुद्रातील महाकाय प्राण्यास 'देवमासा' असे नाव दिले. वास्तविक तो मासा नव्हे. तो फुप्फुसांनी श्वास घेतो, पिल्लास दूध पाजतो. तरीही त्या नावात विस्मय आहे, आदर आहे. शिकारी जहाजांच्या हिशेबवहीत मात्र त्याचे नाव वेगळे होते: 'निळा देवमासा एकक'. या दोन नावांमधील अंतर आम्हांस विचार करावयास लावते.

२ डिसेंबर १९४६ रोजी वॉशिंग्टन येथे देवमाशांच्या शिकारीचे नियमन करणारा आंतरराष्ट्रीय करार झाला. भावी पिढ्यांसाठी हा ठेवा राखावा, हा त्याचा एक उदात्त हेतू. अंटार्क्टिक समुद्रासाठी वर्षाला १६,००० एककांची मर्यादा ठरली. एक एकक म्हणजे एक निळा देवमासा, किंवा दोन फिन, किंवा अडीच हंपबॅक, किंवा सहा सेई. हे समीकरण कशावरून आले? मिळणाऱ्या तेलावरून! कोणत्या जातीचे किती जीव उरले आहेत, हा प्रश्न त्यात नव्हताच. साहजिकच सर्वांत मोठा जीव आधी मारला गेला. तो दुर्मीळ झाला, तेव्हा त्याच्याहून लहान असलेल्याची पाळी आली. मर्यादा कागदावर शाबूत राहिली आणि अंटार्क्टिकातील निळे देवमासे शंभरात एकाहूनही कमी उरले. हे एकक रद्द व्हावयास १९७२ साल उजाडले.

काहींनी नियमही मोडले. सोव्हिएत जहाजांनी शिकारीचे खोटे आकडे कळविले होते, हे रशियन शास्त्रज्ञ अलेक्सेई याब्लोकोव्ह यांनी १९९३ मध्ये जगापुढे आणले. खोटे बोलणाऱ्याचा अपराध ओळखणे सोपे असते. परंतु ज्याने नियम तंतोतंत पाळला आणि तरीही विनाशास हातभार लावला, त्याचे काय? आमच्या मते, मोजपट्टीच स्वार्थाने आखलेली असेल, तर तिच्यात बसणारे वर्तन न्याय्य ठरत नाही.

प्रायश्चित्ताची कथा तर अधिकच विदारक. १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने अलास्कातील इनुपियात लोकांची बोहेड देवमाशांची पारंपरिक शिकार थांबविण्याचा निर्णय घेतला. बोहेडची संख्या घटविली ती एकोणिसाव्या शतकातील व्यापारी जहाजांनी. उपवास मात्र घडणार होता त्या हिमप्रदेशातील कुटुंबांना. 'देवमासे बर्फाखालूनही जातात, तुमची मोजणी अपुरी आहे,' असे ते सांगत होते. पुढे सुधारलेल्या गणनेने त्यांचे म्हणणे खरे ठरविले. त्यापूर्वीच, १९७८ साठी, त्यांना मर्यादित शिकारीची मुभा पुन्हा मिळाली होती.

१९८२ मध्ये आयोगाने व्यापारी शिकार स्थगित करण्याचा ठराव केला. नॉर्वेने त्यास हरकत घेतली. जपान २०१९ मध्ये आयोगातून बाहेर पडला. तरीही अनेक समुद्रांत हंपबॅक पुन्हा वाढले. संयमाला फळ येते, ते असे.

देवमासे आपल्या दैनंदिन जीवनापासून दूर आहेत, हे खरे. परंतु मोजपट्ट्या आपणही रोज वापरतो. विहिरीचे पाणी उपसताना, मजुराचा रोज ठरविताना, 'कायद्यात बसते' एवढ्यावर आपले समाधान होते. ते माप कोणाच्या सोयीसाठी आखले आहे आणि त्याची किंमत कोण मोजतो, हेही आपण स्वतःस विचारू या.