बहिरेपण : दोष कुणाचा?



मूल जन्मतः बहिरे निघाले की पहिले बोट आईकडे वळते. मंगरूळपीर असो वा मुंबई. विज्ञान मात्र वेगळे सांगते. आनुवंशिक बहिरेपणात बहुधा सदोष जनुकाची एक प्रत आईकडून, दुसरी वडिलांकडून येते. ऐकू मात्र दोघांनाही येते. मग दोष कुणाचा?

‘ओटोफ’ नावाचे जनुक बिघडले तर आवाज कानातून मेंदूकडे पोचत नाही. शांघायच्या डॉक्टरांनी निरुपद्रवी विषाणूमार्फत चांगले जनुक कानात पोचवले. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार सहापैकी पाच मुलांना ऐकू येऊ लागले.

ही देवाच्या कामात ढवळाढवळ आहे का? नाही. ‘दिग्नितास पेर्सोने’ (2008) या दस्तऐवजात ख्रिस्तसभेने रुग्णाच्या देहापुरता असा उपचार तत्त्वतः योग्य मानला. पुढच्या पिढ्यांत उतरू शकणारा बदल मात्र आजच्या स्थितीत अमान्य केला.

तरी हा उपचार एकाच जनुकापुरता आहे. बाकीच्या मुलांचे काय? प्रभू येशूने बहिऱ्याला बरे करण्याआधी गर्दीतून बाजूला घेतले, त्याच्या कानांना, जिभेला स्पर्श केला (मार्क 7). म्हणजे ऐकू येण्याआधीच तो माणूस प्रभूला मोलाचा होता. कान बरा होवो न होवो, मुलाचे मोल तेच. मिस्सानंतर अशा मुलाशी आपण खुणांनी तरी बोलतो का?